जड जमीन, जंप रेस आणि शनिवारचं कार्ड: घोडा कसा निवडायचा

नोव्हेंबर ते मार्च हा इंग्लंड-आयर्लंडातल्या जंप रेसचा, म्हणजे अडथळ्यांवरून उड्या मारत धावायच्या घोड्यांच्या शर्यतींचा, भरगच्च मोसम, आणि पावसाचाही. कार्डावर, म्हणजे दिवसाच्या रेस आणि घोड्यांच्या यादीवर, मैदानाच्या नावापुढे 'हेवी' (जड जमीन) दिसलं तरी बहुतेक जण नेहमीसारखाच फेव्हरिट (सगळ्यात कमी भावाचा घोडा) बघतात, मागच्या तीन रेसचे आकडे बघतात आणि निवड करून मोकळे होतात. जड जमिनीवर ही पद्धत चालत नाही. तिथे सगळ्यात चांगला घोडा शोधत बसायचं नसतं. ती जमीन, ते अंतर आणि तो दिवस ज्यांना झेपणार नाही ते घोडे एकेक करून खोडायचे, उरलेल्यांचा भाव, म्हणजे जिंकल्यावर एका रुपयामागे किती फायदा ते, बघायचा, आणि भाव परवडत नसेल तर रेस सोडून द्यायची.

आधी पैशाचं बोलून घेऊ. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशात बंदी आली आहे. परदेशी बुकींची ॲप आणि व्हॉट्सॲपवर 'आयडी' देणारे एजंट यांच्या नादी लागू नका. तिथे जिंकलेले पैसे अडकले तर तक्रार करायलाही तोंड नसतं. खरी पैज लावायची तर महालक्ष्मी किंवा पुण्याच्या मैदानावर, परवाना असलेल्या खिडकीवर. पण तिथल्या रेस सपाट धावण्याच्या, उड्यांच्या नव्हेत. म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबारात बसून जंप रेसचा नाद करायचा तर तो वहीत. एक निवड म्हणजे कागदावरचे १०० रुपये, एवढं ठरवून टाका. खाली जिथे रुपये आले आहेत ते या वहीतलेच.

'हेवी' म्हणजे नेमकी कुठली जमीन

ब्रिटनमध्ये जमिनीची उतरंड कडक ते जड अशी लावतात: हार्ड, फर्म, गुड टू फर्म, गुड, गुड टू सॉफ्ट, सॉफ्ट आणि शेवटी हेवी. आयर्लंडात 'गुड टू सॉफ्ट'च्या जागी 'यील्डिंग' म्हणतात. शिवाय 'सॉफ्ट, हेवी इन प्लेसेस' असे मिश्र शेरे असतात. चेसचा (उंच, भक्कम अडथळ्यांचा) ट्रॅक आणि हर्डलचा (ठेंगण्या, हलक्या अडथळ्यांचा) ट्रॅक वेगळा असेल तर दोन्हीची जमीन वेगवेगळी दिलेली असते. हे वाचायचं राहून गेलं की हर्डलच्या रेससाठी चेसच्या जमिनीचा विचार होतो आणि सगळं गणित पहिल्याच पायरीला चुकतं.

शेऱ्याच्या जोडीला अनेक मैदानं 'गोइंगस्टिक'चा आकडा देतात. ही काठी जमिनीत खुपसायला किती जोर लागतो आणि खुपसून मागे ओढताना माती किती विरोध करते, अशी दोन मापं घेऊन एक आकडा काढते. आकडा जितका लहान तितकी जमीन मऊ. जड जमिनीवर तो बहुधा पाचाच्या आसपास किंवा खाली येतो. आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या कार्डावर पेनेट्रोमीटरचं माप असतं, ते नेमकं उलट चालतं: तिथे मोठा आकडा म्हणजे मऊ जमीन. दोन्हीकडचं वाचणाऱ्यांची इथे हटकून गल्लत होते. आणि एका मैदानाचा आकडा दुसऱ्याशी ताडू नका, कारण माती वेगळी. हेडॉक या मैदानाचा आजचा आकडा हेडॉकच्याच मागच्या बैठकीशी ताडायचा.

आता खरी गोम. 'हेवी' या एकाच शब्दाखाली दोन निराळ्या जमिनी असतात, आणि खान्देशातल्या माणसाला हे समजायला कष्ट नाहीत. काळ्या रेगड रानात भर पावसात पाऊल टाकलं तर चिखल पातळ असतो, पाय आत जातो पण सुटून येतो. पाऊस थांबून एक-दोन दिवस झाले, अजून वाफसा आलेला नाही, तेव्हा त्याच रानात चाललं की चपलेला मातीचे गोळे चिकटतात आणि पाय उचलायचा जीव जातो. घोड्याचंही तेच. ताज्या पावसाची पातळ जमीन घोडे तुडवत जातात. सुकत आलेली चिकट जमीन, जिला तिकडे 'होल्डिंग' म्हणतात, ती घोड्याला आतून पिळून काढते. कार्डावर दोन्हीकडे 'हेवी'च लिहिलेलं असतं. म्हणून मागच्या ४८ तासांत किती मिलिमीटर पाऊस झाला आणि रेस सुरू होईपर्यंत आणखी किती अपेक्षित आहे, हे दोन आकडे वहीत लिहायचेच. आधीच सॉफ्ट असलेल्या मैदानावर आठ-दहा मिलिमीटर पाऊस जमीन हेवी करायला पुरतो. डिसेंबर-जानेवारीत तिकडे ऊन इतकं क्षीण असतं की 'दोन दिवस उघडीप आहे, सुकेल' ही आपली समजूत लागू पडत नाही.

मातीवरून मैदानांचे स्वभावही ठरतात. प्लम्प्टन आणि कार्लाइल चिकणमातीची, पाणी धरून ठेवणारी. केम्प्टन आणि समुद्रकाठचं मसलबर्ग यांचा निचरा चांगला. तिथे हेवी क्वचितच लागतं. त्यात चढ धरा. कार्लाइल आणि चेपस्टोला शेवटचा टप्पा चढाचा आहे. जड जमिनीवर तो चढ असा नडतो की शेवटून दुसऱ्या फेन्सवर (चेसच्या अडथळ्यावर) मजेत पुढे असलेला घोडा विजयरेषेपाशी चालत येतो. सपाट केम्प्टनवरची सॉफ्ट आणि चढाच्या कार्लाइलवरची सॉफ्ट या एकाच मापाच्या परीक्षा नाहीत.

आणखी एक बारकावा फुकट मिळतो आणि तरी कोणी बघत नाही. तुडवलेली जमीन वाचवायला मैदानवाले कुंपण आत-बाहेर सरकवतात, त्यामुळे रेसचं अंतर वाढतं. हे वाढीव यार्ड जाहीर होतात. २२० यार्ड म्हणजे एक फर्लांग, आठ फर्लांग म्हणजे एक मैल. 'अधिक १५० यार्ड' असा शेरा असलेली तीन मैलांची रेस कागदावर तीन मैलांची, पायाखाली जवळजवळ पाऊण फर्लांग जास्त.

खोडण्याचा क्रम

शनिवारच्या जंप रेसची अंतिम नावं बहुतेक वेळा शुक्रवारी सकाळी दहाला तिकडे पक्की होतात, म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे दुपारी साडेतीनला. त्याआधी निवड करण्यात अर्थ नाही, निम्मे घोडे येतच नाहीत. रेसिंग पोस्ट किंवा स्पोर्टिंग लाइफची कार्डं फुकट वाचता येतात. दिवसाच्या सात-आठ रेसपैकी दोन, फार तर तीन घ्या. पहिल्यांदाच धावणाऱ्या घोड्यांच्या आणि बिनउड्यांच्या, ज्यांना 'बंपर' म्हणतात त्या रेस सोडा; माहितीच नसेल तर खोडणार काय?

पहिला घाव जमिनीच्या नोंदीवर. 'हेवीवर किती जिंकला' एवढंच मोजणं फसवं आहे. हेवीवर किती वेळा धावला आणि दर वेळी कसा संपला, हे बघा. चार घोड्यांच्या नवशिक्या रेसमध्ये एक-तृतीयांश भावाने जिंकलेला हेवीवरचा विजय काही सांगत नाही. सोळा घोड्यांच्या हँडिकॅपमध्ये (जास्त कुवतीच्या घोड्याला जास्त वजन वाहायला लावतात ती रेस) सहा लांबींनी, म्हणजे सहा घोड्यांच्या अंगाएवढ्या अंतराने, तिसरा आलेला घोडा बरंच सांगतो. शक्य असेल तिथे व्हिडिओ काढून फक्त शेवटच्या दोन फेन्सपासून पुढचा भाग बघा. घोडा जिंकला ते पुढे सरकत, की बाकीचे गळाले म्हणून उरला? दोन्हीसमोर '१'च लिहिलेलं असतं. गळतीत उरलेला घोडा पुढच्या वेळी दमदार सोबत मिळाली की उघडा पडतो.

ज्याची हेवीवर नोंदच नाही, त्याची चाल बघा. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याची चाल आणि खूर बघणाऱ्यांची नजर इथे कामाला येते, फक्त रोख बदलायचा. तिथे चाल बघतात ऐटीसाठी. इथे बघायचं की पाय चिखलातून सुटतो कसा. गुडघा वर उचलून गोलसर पाऊल टाकणारा, रुंद खुराचा घोडा चिखलात बरा चालतो. जमिनीलगत लांब, सपाट टांग टाकणारा घोडा सुक्या जमिनीवर देखणा पळतो आणि चिखलात त्याची ढांग आखडते. वंशाचाही थोडा आधार घेता येतो. फ्रान्समध्ये जन्मलेले बरेच घोडे लहानपणापासून मऊ जमिनीवर उड्या मारलेले असतात. पण हा आधार फक्त नोंद नसेल तेव्हा. नोंद असली की वंशावळ बाजूला.

दुसरा घाव दमावर. जड जमीन अंतर वाढवते. दोन मैलांची रेस हेवीवर अडीच मैलांच्या जवळपास दम मागते. म्हणून दोन मैलांच्या हेवी रेसमध्ये अडीच मैलांवर टिकलेला घोडा हवा, आणि तीन मैलांच्या रेसमध्ये सव्वातीन-साडेतीन मैल सिद्ध केलेला. उलट चालही कामाची आहे: अडीच मैलांवर सुक्या जमिनीत वेग कमी पडून चौथा-पाचवा येणारा घोडा दोन मैलांच्या हेवी रेसला उतरवला की भाव चांगला मिळतो, कारण लोक त्याचे चौथे-पाचवे क्रमांकच बघतात. सुक्या दोन मैलांवर झपाट्याने जिंकणारा घोडा मात्र हेवीवर अंतर वाढवून आणला असेल तर बिनदिक्कत खोडा, मग तो फेव्हरिट का असेना.

तिसरा घाव तब्येतीवर. साठ-सत्तर दिवसांहून मोठ्या विश्रांतीनंतरची पहिली धाव जड जमिनीवर असेल तर घोडा सरावातला नसतो. शेवटच्या दोन फर्लांगांत ते दिसतंच. काही ट्रेनरांचे घोडे पहिल्या धावेलाही तयार असतात, तो अपवाद कार्डावरच्या ट्रेनरच्या नोंदीत तपासा. याच्या उलट दोष म्हणजे घाई. हेवीवर मर मर धावून जिंकलेला घोडा नऊ-दहा दिवसांत पुन्हा हेवीवर आला तर त्याच्यापासून लांब राहा; तीन ते पाच आठवड्यांचं अंतर हवं. आणि मागच्या विजयाचं कौतुक भावात आधीच उतरलेलं असतं. श्वासनलिकेची शस्त्रक्रिया झाली असेल तर ब्रिटनच्या कार्डावर तशी खूण असते, २०१८ पासून हे जाहीर करतात. शस्त्रक्रियेनंतरची पहिलीच धाव चिखलात असेल तर थांबून बघणं बरं.

क्रमांकांच्या रांगेतली अक्षरं नीट वाचा. 'एफ' म्हणजे पडला, 'यू' म्हणजे जॉकी पडला, 'बी' म्हणजे दुसऱ्याने पाडला, 'पी' म्हणजे जॉकीने मध्येच थांबवला. आडवी रेघ मोसम बदलल्याची, तिरपी रेघ मध्ये आख्खा मोसम गेल्याची. सुक्या जमिनीवरचे दोन 'पी' हेवीच्या घोड्याच्या विरोधात धरू नयेत. ट्रेनरने त्याला फक्त धावतं ठेवलं असेल. हेवीवरचा 'पी' मात्र ठळक करून ठेवा.

जड जमिनीवर घोडे जास्त पडतात हा समज इथेच मोडून काढू. वेग कमी असतो, त्यामुळे भरधाव वेगातली पडझड उलट कमी होते. होतं ते वेगळंच: दमलेले घोडे थांबवले जातात. तीन मैलांपुढच्या हेवी चेसमध्ये निम्मे घोडे रेस पुरी करत नाहीत, यात नवल नाही. टोकाचं उदाहरण २००१ च्या ग्रँड नॅशनलचं: ४० घोडे सुटले, रेस पुरी केली चौघांनी, त्यातल्या दोघांचे जॉकी मध्ये पडून पुन्हा चढले होते. रेड मरॉडर जिंकला. (पुन्हा चढायला आता बंदी आहे.) त्या दिवशी सर्वांत वेगवान घोडा कोण हा प्रश्नच नव्हता.

मैदानाचा घोडा

कार्डावर 'सी' म्हणजे या मैदानावर जिंकलेला, 'डी' म्हणजे या अंतरावर जिंकलेला, 'सीडी' म्हणजे एकाच रेसमध्ये दोन्ही. सुक्या मोसमात ही अक्षरं शोभेची, हेवीवर वजनदार. हेडॉकची बेटफेअर चेस घ्या. २०१७ ला जमीन हेवी होती आणि ब्रिस्टल डी माई तब्बल ५७ लांबींनी जिंकला. लोक म्हणाले, चिखलाचा घोडा. पण २०१८ ला जमीन तितकी जड नसताना तो तिथेच पुन्हा जिंकला, आणि २०२० ला तिसऱ्यांदा. त्यानंतर रॉयाल पगाय आला: हेडॉकवरच २०२१ आणि २०२२ ची पीटर मार्श चेस, मग २०२३ आणि २०२४ ची बेटफेअर चेस. म्हणजे २०१७ ते २०२४ या आठ बेटफेअर चेसपैकी पाच या दोन घोड्यांनी नेल्या. मैदान आणि जमीन ही दोन्ही ज्याला मानवतात तो घोडा त्याच गावात परत परत जिंकतो. नुसता 'हेवीवर जिंकलेला' यापेक्षा 'याच मैदानावर सॉफ्ट किंवा हेवीत जिंकलेला' ही नोंद दुप्पट मोलाची धरा.

रॉयाल पगायची ट्रेनर व्हेनेशिया विल्यम्स. तिच्याकडचे घोडे चिखलात खुलतात ही गोष्ट तिकडे सर्वांना ठाऊक आहे, म्हणूनच तिच्या नावावर भाव कमी मिळतो. ट्रेनरचं नाव बघून घोडा घेऊ नका. दोन सारख्या घोड्यांत अडलात तरच ते नाव मोजा. ट्रेनरची मागच्या १४ दिवसांतली कामगिरी मात्र बघाच. एखाद्या तबेल्यात खोकला पसरला की सगळेच घोडे दोन आठवडे मागे पडतात, आणि बातमीच्या आधी ते आकड्यांत दिसतं.

वजन आणि जॉकी

हँडिकॅपमध्ये वरच्या घोड्याला सुमारे ७५ किलो वजन आणि खालच्याला त्याहून दहा-बारा किलो कमी असा फरक पडू शकतो. 'चिखलात वजन जास्त नडतं, खालचे घोडे घ्या' हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. तो अर्धाच खरा. खालच्या वजनाचे घोडे खाली असतात कारण त्यांची कुवतच कमी असते. चेपस्टोच्या वेल्श ग्रँड नॅशनलसारख्या पावणेचार मैलांच्या लढाईत वजन नडतं, हे मान्य. तिथेही २०२३ ला नॅसलम हेवीवर ३४ लांबींनी जिंकला, तेव्हा दोन-चार पौंड इकडचे तिकडे झाल्याने काय फरक पडला असता? वजनापेक्षा मधली एक बाब जास्त घातक: 'हँडिकॅपबाहेर' असलेला घोडा. त्याच्या कुवतीप्रमाणे वजन किमान मर्यादेच्या खाली यायला हवं होतं, पण नियमामुळे त्याला किमान वजन वाहावं लागतं. पाच पौंड बाहेर म्हणजे सव्वादोन किलो फुकटचा बोजा. साडेतीन मैल चिखलात तो बोजा घोड्याला जाणवतो.

शिकाऊ जॉकीला ७, ५ किंवा ३ पौंडांची सूट मिळते. हर्डलला ती सूट फायद्याची. लांब हेवी चेसला अनुभवी जॉकी घ्या, कारण दिवस चढतो तसा आतला ट्रॅक तुडवून काला होतो आणि शहाणा जॉकी घोडा बाहेरच्या, न तुडवलेल्या पट्ट्यावर नेतो. तो थोडं अंतर जास्त धावतो आणि बरंच बळ वाचवतो.

पुढे कोण धावणार हेही मोजा. मागच्या रेसच्या शेऱ्यांत 'आघाडीवर', 'पुढच्यांत', 'मागे राखलेला' असं लिहिलेलं असतं. जड जमिनीवर कोणालाच अचानक वेग घेता येत नाही. म्हणून आघाडीचा घोडा एकटाच असेल तर तो मध्ये दम खातो आणि हाती लागत नाही. तसे दोन-तीन असतील तर एकमेकांना संपवतात आणि मागून रडतखडत येणारा जिंकतो. एवढी एक मोजणी निम्म्या रेसचा निकाल समजावून देते.

भाव

उरलेल्या घोड्यांची शक्यता टक्क्यांत मांडल्याशिवाय भाव बघू नका. नमुन्याला एक कार्ड घेऊ: तीन मैलांची हँडिकॅप चेस, जमीन हेवी, ११ घोडे. तिघे सुक्या जमिनीचे, गेले. दोघांनी अडीच मैलांपुढे काही केलेलं नाही, गेले. एक दहा महिन्यांनी येतोय, एक नऊ दिवसांपूर्वी हेवीत पिळून निघालाय, तेही गेले. उरले चार. 'अ' हा फेव्हरिट, एकटाच आघाडीवर धावणारा, भाव दोनास एक (एक लावला तर दोन फायदा). 'ब' सगळ्यात वजनदार, हेवीवर पाच धावांत दोन विजय, भाव साडेतीनास एक. 'क' मधल्या वजनाचा, हेवीवर विजय नाही पण सव्वातीन मैलांवर दोनदा प्लेसमध्ये (पहिल्या काही क्रमांकांत), भाव आठास एक. 'ड' हँडिकॅपबाहेर पाच पौंड, भाव चौदास एक.

शक्यता अशी मांडू: अ २६, ब २४, क १६, ड ६, आणि खोडलेल्या सातांना मिळून २८. खोडलेल्यांना शून्य देणं ही नवख्यांची हमखास चूक. चिखलात खोडलेला घोडाही कधीतरी जिंकतोच. आता १०० ला टक्क्याने भागून एक वजा करा, तो झाला रास्त भाव. 'अ'चा २.८५, मिळतोय दोन: सोडा. 'ब'चा ३.१७, मिळतोय साडेतीन: वरवर बरा. पण हेवीवर आपला अंदाज नेहमीपेक्षा ढिला असतो, म्हणून रास्त भावाच्या वर निदान पाव हिस्सा जास्त मागायचा. म्हणजे 'ब'ला चारास एक हवा, नाही मिळत: सोडा. 'क'चा सव्वापाच, पाव हिस्सा धरून साधारण साडेसहा, मिळतोय आठ: हा घ्यायचा. 'ड'चा पंधराच्या वर, मिळतोय चौदा: सोडा. जिंकण्याची शक्यता सर्वांत जास्त 'अ'ची आहे आणि घेतला 'क', हे ज्याला खटकतं त्याने वहीत निकालासोबत भावही लिहून ठेवावा. मोसम संपेपर्यंत खटकणं थांबतं.

'क'सारख्या घोड्यावर 'ईच-वे', म्हणजे अर्धी रक्कम विनवर, अर्धी प्लेसवर, हा प्रकार बसतो. आठ ते अकरा घोडे असतील तर नेहमीच्या अटींत पहिले तीन प्लेसमध्ये आणि भावाचा एक-पंचमांश. पन्नास-पन्नास लावले, भाव आठ: घोडा तिसरा आला तर १३० परत, म्हणजे ३० वर. जिंकला तर ४५० आणि १३०, एकूण ५८०. बारा ते पंधरा घोड्यांच्या हँडिकॅपला तीनच प्लेस पण एक-चतुर्थांश भाव, सोळा आणि वर चार प्लेस. पाच ते सात घोडे असतील तर प्लेस दोनच. हेवीवर मेख इथे असते: जमीन बदलली की ट्रेनर ऐनवेळी घोडे काढून घेतात. आठ घोड्यांच्या रेसमधून एक गेला की तिसरा नंबर कुचकामी. म्हणून नेमक्या आठ घोड्यांच्या रेसमध्ये ईच-वे लिहूच नका. दहा तरी असू द्या.

घोडे निघून गेले की जिंकलेल्या रकमेतून कपातही होते, तिकडे तिला 'रूल फोर' म्हणतात. दोनास एक भावाचा घोडा गेला तर फायद्याच्या शंभरातून ३०, पाचास एकचा गेला तर १५, दहा ते चौदास एकचा गेला तर ५. वहीतही ही कपात धरा, नाहीतर मोसमाअखेरचा हिशेब खोटा गोड दिसतो.

शनिवारचा दिवस

सकाळी तिकडे मैदानाची तपासणी ठेवलेली असेल तर ती बहुधा आठच्या सुमारास, आपल्याकडे दीडला. पाणी साचलं तर बैठक रद्द होते. दुपारी जेवल्यावर एकदा तेवढं बघायचं आणि कोण कोण बाहेर पडलं ते टिपून टक्के नव्याने मांडायचे. पहिली रेस साधारण संध्याकाळी साडेपाचच्या आसपास, शेवटची सव्वानऊच्या सुमारास.

पहिल्या दोन रेसवर काहीच लावू नका, त्या जमीन वाचायला असतात. दोन गोष्टी टिपा. एक, वेळ: मैदानाच्या प्रमाण वेळेपेक्षा फर्लांगामागे सेकंदभर किंवा जास्त उशीर होत असेल तर जमीन खरोखर जड, त्याहून बराच कमी असेल तर शेरा जुना झालाय आणि तुम्ही खोडलेले सुक्या जमिनीचे घोडे परत हिशेबात घ्यावे लागतील. दोन, जॉकी कुठून धावतात: सगळे आतलं कुंपण सोडून बाहेर जाऊ लागले की आतून पुढे पळणाऱ्या घोड्याचा फायदा संपला.

डिसेंबरात दुपारचं ऊन इतकं खाली येतं की समोर डोळ्यांत सूर्य येणाऱ्या फेन्स वगळतात. उडी घ्यायची जागा चिखलाने खचली तरी वगळतात. शेवटच्या सरळ टप्प्यातल्या फेन्स गेल्या तर उड्यांत पटाईत घोड्याचं भांडवल गेलं, आणि नुसत्या दमाच्या, आळशी उडीच्या घोड्याची चांदी. ही सूचना रेसच्या थोडी आधी येते; आली की त्या रेसची निवड खोडायला संकोच करू नका.

रक्कम प्रत्येक निवडीला सारखी. हरल्यावर पुढच्या रेसला दुप्पट, हा हेवीवर सगळ्यात लवकर बुडवणारा प्रकार, कारण इथे सलग दहा-बारा निवडी हरणं नेहमीचं आहे. वहीत सात रकाने पुरतात: मैदान, जमीन आणि पाऊस, अंतर अधिक वाढीव यार्ड, घोडा, तुमचे टक्के, मिळालेला भाव, निकाल. आठवा रकाना निवडीबाहेरच्या घोड्यांचा: चिखलात दोन मैलांवर शेवटून दुसऱ्या फेन्सपर्यंत सहज चालत आलेला आणि मग विझलेला घोडा तिथे लिहा. एप्रिलमध्ये जमीन सुकली की असे घोडे मोठ्या भावाने मिळतात. फक्त तेव्हा वेळेकडे लक्ष द्या. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास पुढे जातात, आणि सगळ्या रेस आपल्याकडे तासभर आधी सुरू होतात.